लाळ्याचा विषाणू वाढतो कुठं आणि मरतो कशानं

कडेगाव तालुक्यातल्या बारावी सायन्सच्या एका मुलानं विचारलं आहे. घरी सहा गाई आणि दोन वासरं. दोन गाईंच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, खुरांच्या बेचक्यात जखमा आहेत, डॉक्टरांनी लाळ्या-खुरकूत सांगितलंय. त्याचे प्रश्न असे: "पुस्तकात विषाणू सजीव-निर्जीवाच्या सीमेवर आहे असं लिहिलंय. निर्जीव असेल तर तो वाढतो कसा? अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही असं डॉक्टर स्वतःच म्हणाले, मग तेच इंजेक्शन का दिलं? आणि लम्पीच्या वेळी साबण, फिनाईल चालत होतं, आता धुण्याचा सोडा का आणायला सांगतायत?"

आधी गोठ्याचं बोलू, मग पुस्तकाचं. वासरं आत्ताच वेगळी बांध. लाळ्यानं मोठी गाय सहसा मरत नाही, ती आटते, रोडावते, गाभण असेल तर गाभडण्याचीही भीती असते. पण लहान वासराच्या हृदयाच्या स्नायूलाच हा विषाणू धरतो, आणि तोंडात एकही फोड नसताना वासरू उभ्या उभ्या कोसळतं. आजारी गाईंची धार सगळ्यात शेवटी काढायची, त्यांची बादली वेगळी ठेवायची, त्यांच्याकडून निघालं की हातपाय धुतल्याशिवाय दुसऱ्या दावणीला जायचं नाही. वासरांना दूध उकळून, कोमट करूनच पाज, कारण तोंडात फोड दिसायच्या आधीपासून विषाणू दुधात उतरलेला असतो.

आता तुझे प्रश्न. मी विटा-आटपाडी भागात सव्वीस वर्षं जनावरं तपासतोय, आणि माझ्या मते हे तीन वेगळे प्रश्न नाहीतच. विषाणू कसा बांधलेला आहे हे एकदा नीट दिसलं की तिन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

आकार डोळ्यांसमोर नसेल तर पुढचं सगळं हवेत राहतं. लाळ्याचा विषाणू सुमारे 30 नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेत तेहतीस हजार बसतील. तो ज्वारीच्या दाण्याएवढा मोठा केला असं धर. त्याच मापानं लम्पीचा विषाणू लिंबाएवढा होईल, गाई-म्हशींच्या घटसर्पाचा जिवाणू नारळाएवढा, गाईच्या जिभेवरच्या कातडीतली एक पेशी तुझ्या अभ्यासाच्या खोलीएवढी, आणि खुद्द गाय सांगलीला शेपूट ठेवून पुण्याच्या पुढं तोंड काढेल.

त्या ज्वारीच्या दाण्यात असतं काय? आरएनएचा एक धागा, चार प्रकारच्या अक्षरांनी लिहिलेला, सुमारे 8,400 अक्षरांचा. छापील पुस्तकाच्या चार-पाच पानांत मावेल एवढा मजकूर. भोवती प्रथिनांचं कवच. हे कवच चारच प्रकारच्या प्रथिनांचं, प्रत्येकाच्या 60 प्रती एकमेकांत बसवून केलेला वीस बाजूंचा गोलसर डबा. एवढ्याशा मजकुरात मोठ्या कवचाचा आराखडा मावणार नाही, म्हणून थोड्याच प्रकारच्या विटा पुन्हा पुन्हा वापरून भिंत उभी केलेली. बस, एवढंच. अन्न पचवायची सोय नाही, ऊर्जा तयार करायची नाही, प्रथिनं बनवणारा रायबोसोम नाही. घटसर्पाच्या जिवाणूकडे हे सगळं असतं. त्याला योग्य खुराक आणि ऊब मिळाली की तो प्रयोगशाळेतल्या बशीतही एकाचे दोन, दोनाचे चार होतो. लाळ्याचा विषाणू नुसत्या खुराकात महिनाभर ठेवला तरी एकाचे दोन होणार नाहीत.

आपल्या भागातलंच उदाहरण देतो. ऊस तोडायची चिठ्ठी तू पाहिली असशील, कारखान्याचा चिटबॉय देतो ती. चिठ्ठी स्वतः ऊस तोडत नाही, गाळत नाही. खिशात राहिली तर नुसता कागद. पण तीच योग्य माणसाच्या हातात पडली की टोळी हलते, ट्रॅक्टर हलतो, कारखान्याची गव्हाण फिरते. आता समज, कारखान्यात एक खोटी चिठ्ठी शिरली आणि तिच्यावर लिहिलंय, 'साखर बंद करा, याच चिठ्ठीच्या प्रती काढा आणि प्रत्येक प्रतीला डबा करा.' आणि कारखान्यातल्या माणसांना खरी-खोटी चिठ्ठी ओळखता येत नाही. पेशीची गत नेमकी अशी होते. म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं: डब्यात बंद असलेला विषाणू ही एक वस्तू आहे, आणि वाढण्याचं सगळं काम गाईची पेशी करते. सजीव-निर्जीव हा वाद परीक्षेपुरता ठीक आहे. गोठ्यात उपयोगी पडतं ते एवढंच, की पेशीबाहेर विषाणू काहीही करू शकत नाही.

आता चिठ्ठी आत कशी जाते ते बघ, कारण तुझ्या सोड्याचं उत्तर इथं आहे. गाईच्या घशातल्या, जिभेवरच्या, खुराच्या बेचक्यातल्या पेशींच्या अंगावर काही प्रथिनं असतात, शेजारच्या पेशींना आणि खालच्या थराला धरून ठेवण्यासाठीची. लाळ्याच्या कवचावर त्यांना नेमका बसेल असा एक उंचवटा असतो. तो अडकला की पेशी त्या दाण्याला आपल्या पातळ पापुद्र्याच्या पिशवीत गुंडाळून आत ओढून घेते, जसं ती इतर हजार गोष्टी घेते. आत गेल्यावर पेशी त्या पिशवीत हळूहळू आम्ल सोडते. हे तिचं नेहमीचं काम. आणि लाळ्याचं कवच आम्लात टिकत नाही, त्याच्या बारा पाकळ्या सुट्या होतात. धागा मोकळा होतो आणि पिशवीतून पेशीच्या मुख्य भागात उतरतो. म्हणजे डब्याला आतूनच किल्ली केलेली आहे, आम्ल लागलं की उघड.

धाग्यावरचा मजकूर पेशीच्या रायबोसोमला थेट वाचता येतो. तो वाचून आधी एक लांबलचक प्रथिनाची साखळी तयार होते, आणि त्या साखळीतच असलेल्या कात्र्या तिचे तुकडे पाडतात. कवचाचे भाग निघतात, धाग्याची नक्कल करणारं यंत्र निघतं. हे यंत्र विषाणूला सोबत आराखडा आणूनच बनवून घ्यावं लागतं, कारण आरएनएवरून आरएनए उतरवणारं असलं यंत्र पेशीकडे नसतं. एक कात्री पेशीच्या स्वतःच्या हुकमांची वाट बंद करते, मग रायबोसोम फक्त विषाणूचीच कामं करत बसतात. या मधल्या काही तासांत पेशी फोडून पाहिली तर आत एकही अख्खा विषाणू सापडत नाही. आलेला उघडला गेला, नवे अजून जुळायचेत. मग एकदम शेकड्यांनी, हजारांनी डबे तयार होतात आणि पेशी फुटते. म्हणून 'विषाणू वाढतो' हा शब्दच जरा फसवा आहे. कालवडीसारखा तो लहानाचा मोठा होत नाही. सुटे भाग आधी होतात, मग ते जुळतात.

हे तुला सूक्ष्मदर्शकाशिवाय बघायला मिळतं. परवा अशाच एका गाईचं तोंड उघडलं. बाजूनं हात घालून जीभ धरली, तर जिभेवरचं कातडं उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं माझ्या हातात निघून आलं. खाली लालभडक, ओलं मांस. गाय मान झटकून मागं सरली, आणि गव्हाणीत हिरवा मका तसाच पडलेला. ते सुटलेलं कातडं म्हणजे फुटलेल्या पेशींचा थर. त्यांच्या जागी पाणी भरलं तो फोड, आणि त्या पाण्याच्या एका थेंबात अक्षरशः कोट्यवधी तयार डबे असतात. ती लाळ गव्हाणीत पडते, दावणीला लागते, तुझ्या बाहीला लागते.

विषाणूशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या शोधांत या फोडातलं पाणीही होतं, हे तुझ्या पुस्तकात आहे की नाही कोण जाणे. पुस्तकात बहुधा तंबाखूच्या पानावरचा रोग असतो, 1892 चा इव्हानोव्स्की आणि 1898 चा बायरिंक. त्याच 1898 साली जर्मनीत फ्रेडरिक लोफलर आणि पॉल फ्रॉश यांनी लाळ्याच्या फोडातलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. गाळलेल्या पाण्यानंही वासरं आजारी पडली. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडतो: हे विष असेल काय? विष असतं तर एका वासराचं पाणी दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला देताना ते विरळ होत गेलं असतं आणि रोग सौम्य झाला असता. तसं झालं नाही. शेवटचं वासरूही तितकंच आजारी पडलं. म्हणजे ते जे काही होतं, ते वासराच्या अंगात दर वेळी नव्यानं तयार होत होतं. जनावरांच्या रोगांतला ओळखला गेलेला हा पहिला विषाणू. तुझा 'निर्जीव असून वाढतो कसा' हा प्रश्न लोफलरच्या टेबलावरही होता.

आता इंजेक्शन. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, ऑक्सिटेट्रासायक्लिन जिवाणूचा रायबोसोम अडवतं. विषाणूला भिंत नाही, रायबोसोम नाही. तो वापरतो तो रायबोसोम गाईचा. तो बंद पाडला तर गाईच्याच पेशी मरतील. म्हणून लाळ्याच्या विषाणूवर अँटिबायोटिक शून्य काम करतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं हेही बरोबर आहे. सोललेल्या जिभेवर, उघड्या खुरात आणि सडांवर आता जिवाणू बसतात, कास दगडी होऊ शकते. इंजेक्शन त्यांच्यासाठी आहे. ते दिल्यानंतर सांगितलेले दिवस त्या गाईचं दूध डेअरीला घालू नकोस. बाकी विषाणूशी लढाई गाईचं रक्तच लढतं, आपण फक्त तिला उभं ठेवतो. खायच्या सोड्याच्या पातळ पाण्यानं तोंड धू, वर बोरिक पावडर आणि ग्लिसरीन लाव, मऊ वैरण नाहीतर पेज दे, खुरात अळ्या पडल्यात का रोज बघ.

इथं एक घोळ हमखास होतो. खायचा सोडा तोंडासाठी आणि धुण्याचा सोडा गोठ्यासाठी. धुण्याचा सोडा सोललेल्या जिभेला लावला तर ती भाजेल, आणि खायच्या सोड्यानं गोठ्यातला विषाणू मरत नाही.

आता डब्याच्या किल्लीकडे परत ये. लाळ्याचं कवच आम्लात उघडतं, आणि तीव्र अल्कलीतही ते टिकत नाही. सामू (पीएच) 6 च्या खाली किंवा 9 च्या वर गेला की ते मोडतं. मग आपण तीच किल्ली गोठ्यात फिरवायची. धुण्याचा सोडा दहा लिटर पाण्यात 400 ग्रॅम, किंवा व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून. आत पिशवीत जे घडणार होतं ते इथं फरशीवर घडतं. डबा उघडतो, धागा बाहेर पडतो, पण शेजारी पेशी नाही. उघड्यावरच्या शेणामुतात तो नागडा धागा टिकत नाही. दोन्ही मात्र एकत्र करू नकोस. सोडा आणि व्हिनेगर मिसळलं की फसफसतं, जोर केल्यासारखं दिसतं, आणि प्रत्यक्षात दोघांचीही धार जाते. शेण आधी खरवडून काढ, कारण शेणाच्या थराखाली कोणतंच औषध पोचत नाही. फिनाईलचा वास दिलासा देतो, पण लाळ्याच्या उघड्या प्रथिनी कवचावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

लम्पीचं वेगळं का, तर डबाच वेगळा. तो देवीच्या घराण्यातला. आत आरएनएऐवजी डीएनए, सुमारे दीड लाख अक्षरांचा, आणि प्रथिनांच्या कवचाबाहेर पेशीकडूनच घेतलेला चरबीचा पापुद्रा. साबण भांड्यावरची चरबी सोडवतो तसा हा पापुद्राही सोडवतो, फिनाईलसुद्धा त्याला झेपत नाही. लाळ्याला पापुद्राच नाही, मग साबण सोडवणार काय? साबणानं तो फक्त वाहून जातो. म्हणून हात साबणानं धुवावेतच, पण फरशीला सोडा लागतो. लम्पीचा विषाणू चिठ्ठीबरोबर स्वतःचा कारकूनही आणतो. पेशीची डीएनए वाचायची यंत्रं तिच्या केंद्रकात कुलपात असतात आणि हा केंद्रकात जातच नाही, बाहेरच आपलं कामाचं ठिकाण थाटतो. त्यासाठी लागणारी यंत्रं त्याच्या डब्यातच भरलेली असतात. लिंबू आणि ज्वारीच्या दाण्यातला फरक याचाच.

2022 च्या पावसाळ्यात बाजार बंद होते तेव्हा आटपाडीकडचा एक खिलार बैल मी रोज बघत होतो. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पायावर सूज. गाठी वाळल्या, खपल्या धरल्या आणि मालकाला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. वाळक्या खपलीत हा विषाणू महिनाभर आणि त्याहून जास्त तग धरतो, चरबीचा पापुद्रा असूनही. पडलेल्या खपल्या गोळा करून जाळायला लावल्या. आणि हा रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्या सोंडेवरून जातो, त्यामुळं तिथं धूर आणि गोचिडाचं औषध फरशीच्या औषधाइतकंच महत्त्वाचं. लाळ्या मात्र लाळेनं, श्वासानं, दुधानं, चाकानं आणि बुटानं जातो.

बुटाचं मी अनुभवानं सांगतो. नोकरीतल्या दुसऱ्या वर्षी एका गोठ्यात लाळ्याच्या गाई तपासल्या, गमबूट पाण्यानं खळखळून धुतले आणि दोन गावं सोडून एक अडलेली म्हैस सोडवायला गेलो. पाचव्या दिवशी त्या गोठ्यातल्या चार जनावरांची तोंडं आली. त्या गोठ्याच्या मालकीणबाईंचं एक रेडकू गेलं. तिथं माझ्या आधी बाहेरचं कोणी आलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या डिकीत सोड्याच्या पाण्याचा कॅन असतो आणि लाळ्याच्या गोठ्यातून निघाल्यावर त्या दिवशी मी दुसरा गोठा करत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या कुणालाही, डॉक्टर असो की दूधवाला, बूट सोड्यात बुडवायला लाव. संकोच करू नकोस.

लसीबद्दल तू विचारलं नाहीस, पण तेही बांधणीतूनच निघतं. धाग्याची नक्कल करणारं ते यंत्र चुका करतं आणि त्या खोडणारं कोणी नसतं. चुकलेल्या बहुतेक प्रती वाया जातात, एखादीचा उंचवटा जरा वेगळा होतो आणि रक्तातल्या प्रतिपिंडांना तो ओळखू येत नाही. अशानंच लाळ्याचे जगात सात प्रकार झाले. आपल्याकडच्या लशीत त्यांतले तीन असतात, ओ, ए आणि एशिया-1. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. बुळकांडी या गाई-म्हशींच्या जुन्या साथीचा विषाणूही आरएनएचाच होता, पण प्रतिकारशक्तीच्या दृष्टीनं त्याचा एकच प्रकार होता. एका लशीनं जनावराला जन्मभर पुरायचं आणि 2011 साली तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. तुझ्या आजोबांना बुळकांडी विचार, ते सांगतील. लाळ्याची लस म्हणजे मारलेल्या विषाणूचे अख्खे डबे. त्यात चालू चिठ्ठी नसल्यानं पेशीत काही घडत नाही, फक्त रक्त डब्याचा आकार लक्षात ठेवतं, आणि ती आठवण चार-सहा महिन्यांत फिकी होते. म्हणून वर्षातून दोनदा. शिवाय हे डबे उन्हात सुटे होतात. सुट्या पाकळ्या टोचून रक्ताला डबा ओळखता येत नाही. लस 2 ते 8 अंशांतच हवी आणि गोठवलेलीही नको. तुमच्या गावात लस आली की बर्फाच्या डब्यातून निघते की नाही ते बघायला उभा राहा.

तुझ्या उरलेल्या चार गाई एकाच गोठ्यात असल्यानं त्यांच्यापर्यंत विषाणू पोचला असं धरूनच चाल. त्यांना आत्ता टोचायचं का, हे तुमचे डॉक्टर ताप बघून ठरवतील, कारण लशीचा जोर यायला आठवडा तरी जातो. पण आसपासच्या गोठ्यांना आजच सांग. डेअरीवाला दूध बंद करेल म्हणून लोक लपवतात आणि चार दिवसांत आळीभर तोंडं येतात. आणि एक, तुमच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली असेल तर त्यांच्या बैलांकडे जा. ते बैल तळ बदलत फिरतात, वाटेत त्यांच्या लशीची तारीख चुकते, आणि रोग आला की दोष त्यांच्यावर येतो. तुमच्या ओढ्यावर त्यांना पाणी पाजायला येऊ देऊ नका, त्याऐवजी टाकीतून वेगळं पाणी त्यांच्या तळावर पोचवा, आणि दवाखान्यात त्यांच्या बैलांची संख्या कळवा म्हणजे लशीच्या मात्रा त्या हिशोबानं येतील.